बगळा छाप, नंबर सदतीस

शालिकराम गिरडे यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून आमची ओळख झाली.

मी तेव्हा नागपुरात, सदर भागातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचो. १९६३ साल असावं. शाळा सुटल्यावर फाटकाशी एक किडकिडीत माणूस उभा होता. तिशी ओलांडलेला, शर्टाच्या खिशाला टेस्टर अडकवलेला, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी.

"मास्तर, याच्या पाठीमागं काय लिव्हलं हाय, तेवढं वाचून सांगता का जी?"

कागद सोडला तर आत लाँगप्ले रेकॉर्डचं कव्हर. मागच्या बाजूला बारीक टायपात वादकांची नावं, कोणी काय वाजवलं, कुठल्या हॉटेलात वाजवलं. मी उभ्या उभ्या वाचत गेलो. ते मान खाली घालून ऐकत होते. ड्रम वाजवणाऱ्याचं नाव आलं तसे एकदम म्हणाले, "नऊ नंबरच्या रेकॉर्डीवरबी हाच हाय ना जी?" पुढे कधीतरी नऊ नंबरची रेकॉर्ड मी पाहिली. तोच होता. नाव न वाचता या गृहस्थाने नुसत्या हाताच्या वजनावरून माणूस ओळखला होता.

शालिकराम मूळचे रामटेककडचे. घरी धानाची शेती, ती दोघा भावांनी सांभाळली आणि हे एकोणिसाव्या वर्षी नागपूरला येऊन रेडिओ दुरुस्ती शिकले. सदर बाजारात ताराचंद शेठचं दुकान होतं. ताराचंद फाळणीत सिंध सोडून आलेले, राहायला जरीपटक्यात, स्वभावाने मोकळे. त्यांनी या मुलाच्या हातातली कला ओळखली आणि दुरुस्तीचं सगळं टेबल त्याच्या हवाली केलं. गिऱ्हाईक बहुतेक मोहननगर आणि खलाशी लाइनचं, रेल्वेत नोकरी करणारी अँग्लो-इंडियन आणि गोवेकर घरं. त्यांच्याकडे मोठमोठे रेडिओग्राम असत. दुरुस्त केलेला रेडिओग्राम तपासायला रेकॉर्ड लावावी लागे, आणि घरात जी असेल ती लावली जाई. शालिकरामांच्या कानावर जॅझ पडलं ते असं.

"आमच्याकडं बाया रोवणं करताना गाणं म्हणत जी," ते मला सांगत. "एक बाई सुरू करे, बाकीच्या उचलत. मंग त्यातली एखादी मधीच आपल्या वाटेनं निंघून जाये, भलतंच काही म्हने, अन् बरोबर वेळेवर वापस ये. हे तसंच हाय. फक्त यायच्या हातात पितळ हाय."

त्या काळी ही घरं एकेक करून देश सोडत होती. कोणी इंग्लंडला, बरेचसे ऑस्ट्रेलियाला. सामान विकलं जाई, वाटलं जाई, फेकलंही जाई. रेकॉर्डी कोणाला नको असत. शालिकरामांना मात्र हव्या असत, आणि त्याही एकाच कंपनीच्या. कलकत्त्याची एक छोटी कंपनी होती. तिच्या लेबलवर एका पायावर उभा असलेला पांढरा बगळा. इंग्रजी नाव काहीतरी होतं, आम्ही दोघं बगळा छापच म्हणायचो. आठ-नऊ वर्षांत तिने अठ्ठावन्न रेकॉर्डी काढल्या, हॉटेलांतले बँड, नाचाच्या धुना, इंग्रजी गाणी, आणि एकोणसाठ साली कुलूप लावलं. शेवटच्या रेकॉर्डच्या कव्हरवर मागे सगळ्या अठ्ठावन्नांची यादी होती. ती मी त्यांना मराठीत उतरवून दिली. त्यांनी ती गड्डीगोदाम वस्तीतल्या आपल्या घरी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. रेकॉर्ड मिळाली की नावापुढे फुली. अडुसष्ट साल उजाडेपर्यंत सत्तावन्न फुल्या झाल्या होत्या. रिकामी जागा एकच. सदतीस नंबर, विल्फ्रेड बार्बोझा आणि साथीदार.

एप्रिलमध्ये दुकानात निरोप आला. मोहननगरात एका बाईंचा रेडिओग्राम बंद पडलाय. पत्त्यावर नाव होतं, मिसेस आयडा बार्बोझा.

विल्फ्रेड बार्बोझा रेल्वेत गार्ड होते आणि रजेच्या दिवसांत ट्रंपेट वाजवत. तीन हिवाळे त्यांनी कलकत्त्याच्या एका हॉटेलात वाजवलं, तिथेच ही एक रेकॉर्ड निघाली. सत्तावन्न साली ते वारले. बाई साठीच्या, दोन खोल्यांत एकट्या राहत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण घर इतकं पाठ की चहाची बशी न चाचपता उचलत. शालिकरामांनी एक वॉल्व्ह बदलला, एक तार जोडली. तपासायला रेकॉर्ड मागितली. बाईंनी कपाटातून जी काढून दिली तिच्या लेबलवर बगळा होता आणि खाली सदतीस.

शालिकरामांनी ती लावली आणि दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकल्या.

रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला शेवटची धून सुरू होण्याआधी एक माणूस हसत हसत इंग्रजीत दोन शब्द बोलतो. बाईंनी त्याचा अर्थ हिंदीत सांगितला. "ये आयडा के लिए, जिसको नाचना नहीं आता." मग त्या स्वतःच हसल्या. नवऱ्याचा आवाज एवढाच शिल्लक होता.

ही विकणार का, असं शालिकरामांनी विचारलं. या घरातली तेवढीच एक वस्तू विकायची नाही, बाई म्हणाल्या. मग दोन-तीनदा काही ना काही निमित्त काढून ते तिकडे गेले. एकदा म्हणाले, तुमची सुई घासली आहे, ती रेकॉर्डच्या रेघा खाऊन टाकेल. नवी सुई मागवतो, तोवर रेकॉर्ड दुकानात नेतो, धुऊन, तपासून आणतो. सुई घासली होती हे खरंच होतं. बाईंनी रेकॉर्ड स्वतःच्या हाताने कव्हरात घातली आणि त्यांना दिली.

ती दुकानात गेलीच नाही. घरी गेली आणि छत्तीस व अडतीसच्या मध्ये बसली.

आठ दिवस झाले, पंधरा झाले. रोज कामावर जाताना ते ठरवत की आज देऊन टाकू. रोज परत येऊन एकदा ऐकत. मे महिना लागला. बाईंनी दुकानात निरोप पाठवला, शालिक कुठे आहे, सुई आली का? ताराचंद म्हणाले, जा ना भाई, बुढ़िया अकेली है. दुसऱ्या दिवशी शालिकरामांनी रजा घेतली.

बारा नंबरच्या रेकॉर्डच्या त्यांच्याकडे दोन प्रती होत्या. त्यातली एक त्यांनी काढली. लेबल ओल्या कापडाने घासघासून नाव आणि नंबर घालवला, बगळा तेवढा अर्धामुर्धा ठेवला. मग ती टिनावर नेऊन ठेवली. नागपुरातल्या मे महिन्याचं ऊन आणि टिनाचं छप्पर. बारा वाजेपर्यंत तिथे उघड्या हाताने काही उचलवत नाही. बाजूलाच त्यांच्या बायकोने, पंचफुलाबाईंनी, धोतरावर कुरड्या वाळत घातल्या होत्या. कुरड्या परतायला त्या वर आल्या आणि थांबल्या.

"काहून ठेवली जी ही उन्हात? वाकडी होऊन राहिली ना!"

"होऊ दे. किती ऊन सोसते ते पाहून राहिलो."

पंचफुलाबाई कुरड्या परतून खाली गेल्या. नवरा ज्या वस्तूला फडक्याशिवाय हात लावू देत नाही तिला तो स्वतःच उन्हात भाजतोय, एवढं त्यांना दिसलं. पुढे सात वर्षं त्यांनी तो विषय काढला नाही.

संध्याकाळपर्यंत रेकॉर्डीला पापडासारख्या लाटा आल्या होत्या. सदतीस नंबरच्या कव्हरात ती घालून शालिकराम मोहननगरात गेले. सांगितलं, धुऊन खिडकीत ठेवली होती, ध्यान राहिलं नाही, ऊन फिरलं.

बाईंनी कव्हरात हात घालून रेकॉर्ड चाचपली. काठावरून बोट फिरवलं. मग उठून रेडिओग्रामवर लावली. सुई उड्या मारू लागली, नुसती खरखर. चारदा त्यांनी सुई उचलून पुन्हा ठेवली. शालिकराम दाराशी उभे. अंगातून घामाच्या धारा आणि डोळ्यांतून पाणी, आणि ते पाणी खोटं नव्हतं, हे सांगताना ते जास्त शरमत. बाईंना चेहरा नीट दिसत नव्हता, पण श्वास ऐकू आला असणार.

"कोई बात नहीं, शालिक," त्या म्हणाल्या. "नागपूर की गर्मी. तुम क्या करेगा?"

बाईंनी शालिकरामांना खुर्चीत बसवलं, चहा केला, डब्यातला केक दिला. शालिकरामांनी तो खाल्ला.

मला ते तेव्हा एवढंच म्हणाले, मास्तर, सदतीस भेटली. मी त्यांच्या घरी जाऊन यादीवर शेवटची फुली मारली. रेकॉर्ड साध्या कागदात होती. कव्हर कुठाय, मी विचारलं. "तशीच भेटली जी." मी पुढे विचारलं नाही. आम्ही ती ऐकायला लावली, आणि शेवटची धून येण्याआधीच त्यांनी सुई उचलली. मला वाटलं, चहा आला म्हणून.

अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर माणूस खूश दिसायला हवा. शालिकराम तसे दिसेनात. मोहननगरची कामं ते दुसऱ्यावर ढकलत. सदरहून घरी जाताना लांबचा वळसा घेत. रविवारी मी गेलो तर म्हणत, आज मशीन बिघडलं आहे. रेडिओ मेकॅनिकच्या घरचं मशीन वर्षभर बिघडलेलं, हे मला विचित्र वाटायला हवं होतं.

एकाहत्तरच्या जानेवारीत बाई स्वतः दुकानात आल्या. ऑस्ट्रेलियात पर्थला त्यांची मुलगी होती, तिच्याकडे कायमच्या निघाल्या होत्या. सोबत नऊ रेकॉर्डी आणल्या होत्या. "तेरे जितना कदर कौन करेगा," म्हणाल्या आणि त्या शालिकरामांच्या टेबलावर ठेवल्या. विल्फ्रेडची मात्र, वाकडी असली तरी, बरोबर नेणार होत्या.

गाडीच्या दिवशी शालिकराम स्टेशनवर गेले. हातातल्या पिशवीत पंचफुलाबाईंनी केलेले डिंकाचे लाडू होते आणि लाडवांच्या डब्याखाली, पुठ्ठ्यात बांधलेली, सदतीस नंबर. आज देऊनच टाकायची, जे होईल ते होवो, असं ठरवून ते आले होते. मुंबई मेल पाऊण तास उशिरा आली. तेवढा वेळ ते बाईंच्या शेजारी बाकावर बसून होते. बाई जहाजाबद्दल बोलत होत्या, तिकडच्या थंडीबद्दल विचारत होत्या, जणू शालिकराम तिथे राहून आले होते. गाडी लागली. त्यांनी ट्रंक चढवली, डबा हातात दिला. गाडी हलली तेव्हा पिशवीत पुठ्ठा तसाच होता.

बहात्तरच्या पावसाळ्यात दुकानाच्या पत्त्यावर परदेशी तिकिटाचं पत्र आलं. शालिकराम ते न फोडता माझ्याकडे घेऊन आले.

मुलीने आईसाठी लिहिलेलं पत्र होतं. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आता नीट दिसतं. इथे कोणीतरी सांगितलं की वाकडी रेकॉर्ड दोन काचांमध्ये दाबून उन्हात ठेवली की हळूहळू सरळ होते. आईने पूर्ण एक उन्हाळा तेच केलं. रोज सकाळी अंगणात काचा मांडायच्या, वर विटा ठेवायच्या, दुपारी काढून गार करायच्या. शेवटी ती वाजण्याइतकी सरळ झाली. लावली, तर त्यात बाबा नव्हते. कोणी बाई नाचाचं गाणं म्हणत होती. आई म्हणते, मीच वेंधळी, मला दिसत नव्हतं, मीच चुकीची रेकॉर्ड त्या कव्हरात घालून शालिकला दिली असणार. म्हणजे विल्फ्रेडची मी तुला दिलेल्या त्या नऊमध्ये असेल. शालिक, कृपा करून बघशील का?

मी वाचता वाचता थांबलो. सदतीसवर फुली मी स्वतः मारली होती, अडुसष्ट साली. नऊ रेकॉर्डी आल्या एकाहत्तरमध्ये.

मी वर पाहिलं. शालिकराम खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते.

"तुमाले समजलं, मास्तर," ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. टिन, कुरड्या, ओलं कापड, केक. कुठेही स्वतःची बाजू घेतली नाही.  आणि मग, हे इथे कबूल करायलाच हवं, मीच म्हणालो, "अहो, बाईंनी स्वतःच वाट काढून दिली आहे. त्या नऊमध्ये सापडली म्हणा आणि पाठवून द्या. त्यांना रेकॉर्ड मिळेल, तुम्ही सुटाल. कोणाचं काय बिघडतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बुडणारा माणूस दोरीकडे पाहतो तसं.

"असं लिव्हता येते का?"

मी लिहिलं. माझं इंग्रजी चांगलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. होय मॅडम, तुम्ही म्हणता तसंच झालं, ती त्या नऊमध्येच निघाली. आणि वर, कोणी सांगितलं नसताना, मी एक वाक्य घातलं: अशी चूक कोणाच्याही हातून होते, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. शालिकरामांनी खाली मराठीत सही केली. रेकॉर्ड चार पुठ्ठ्यांत बांधून आम्ही दोघांनी जनरल पोस्ट ऑफिसात नेऊन दिली. परत येताना चहा प्यायलो. मला तर त्या दिवशी चांगलं काम केल्यासारखं वाटत होतं.

उत्तर तीन महिन्यांनी आलं. या वेळी बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, मोठ्या, डुगडुगत्या अक्षरात. रेकॉर्ड पोचली. विल्फ्रेडचा आवाज ऐकला, नातवंडांना ऐकवला. आणि मग: "पण शालिक, माझ्या मनाला एक गोष्ट फार लागली आहे. तू त्या दिवशी माझ्या दाराशी रडत होतास. माझ्या नवऱ्याची रेकॉर्ड आपल्या हातून गेली, या समजाने तू इतकी वर्षं काढलीस, आणि चूक माझी होती. एका सज्जन माणसाला मी विनाकारण दुःख दिलं. मला क्षमा कर."

मी भाषांतर करून सांगत होतो. शालिकरामांनी हात वर केला.

"बस करा, मास्तर."

ते उठले आणि चप्पल न घालताच बाहेर गेले. मी चपला घेऊन मागे गेलो तेव्हा ते कोपऱ्यावर पोचले होते.

पुढची दोन-अडीच वर्षं त्या माणसाची रयाच गेली. कामात चुका होऊ लागल्या. ज्या हाताने आजवर हजारो सेट उघडले त्याच हाताने एकदा चालू सेटमध्ये बोट घातलं आणि झटका बसून मागे फेकले गेले. ताराचंदांनी विचारलं, काय झालंय? शालिकरामांनी त्यांना सांगितलं. ताराचंद हसले. "अरे, एक रेकॉर्ड ही तो थी! वापस भी कर दी!" यानंतर ते आणखी मिटले. आपण काही मोठा गुन्हा केला आहे हे कोणी मानायलाच तयार नाही, याचा त्यांना त्रास व्हायचा. चोरी परत करता येते. बाईंनी मागितलेली माफी कुठे परत करायची, हे त्यांना कळत नव्हतं.

पंचाहत्तरच्या उन्हाळ्यात एका दुपारी पंचफुलाबाई माझ्या घरी आल्या. यापूर्वी त्या कधी आल्या नव्हत्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

"मास्तर, तुमी आमच्या मानसाले इंग्रजी वाचून दाखवता का खोटं बोलाले शिकवून राहिले?"

दारातच उभ्या राहून त्या पुढे म्हणाल्या,

"मी टिनावर पाह्यली होती ती तबकडी. तवाच मले समजलं, हा मानूस काई तरी करून राहिला. मी बोलली नाई. तो माहा गुन्हा. आता परवा त्यायनं सगळं सांगतलं. रेकार्ड गेली तिकडं, पन पाप त्या बुढीच्या डोक्यावर ठेवून आले तुमी दोघं. ते उतरवा."

"पण बाई आनंदात आहेत," मी म्हणालो. "एवढ्या म्हाताऱ्या बाईला आता हे कळवून काय मिळणार? शालिकरामांना बरं वाटावं म्हणून त्यांना दुःख द्यायचं?"

पंचफुलाबाई म्हणाल्या, "थे मले नाई समजत, मास्तर. पन मी चूक नाई केली अन् मले कोनी म्हनू देलं का मीच केली, तं मी त्याले माफ नाई करीन."

रविवारी शालिकराम आले. ते आपल्या बोलीत सांगत गेले आणि मी इंग्रजीत उतरवत गेलो. या वेळी मी एक शब्द माझा घातला नाही. चार वाक्यांच्या वर ते बोललेच नाहीत. मी तुमची रेकॉर्ड चोरली. दुसरी रेकॉर्ड उन्हात वाकवून तुम्हाला दिली. नऊमध्ये सापडली हे खोटं लिहिलं. तुमची काहीच चूक नव्हती, तुम्ही दिली ती रेकॉर्ड बरोबर होती. मी विचारलं, क्षमा करा असं लिहू का?

"नोका लिव्हू. ते मांगाले गेलो तं पुन्हा तिलेच काम लावन्यासारखं होते."

पत्र गेलं. जून गेला, जुलै गेला, दिवाळीही झाली. शालिकराम दर आठ दिवसांनी शाळेच्या फाटकाशी येऊन मान हलवत, म्हणजे काही आलं नाही. शेवटी नोव्हेंबरच्या अखेरीला आलं. अक्षर मुलीचं होतं, शब्द बाईंचे.

"शालिक, तुझं पत्र वाचल्यावर मी काही दिवस कोणाशी बोलले नाही. आता सांगते. चुकीची रेकॉर्ड मी कव्हरात घातली असं वाटल्यापासून मला माझ्या डोक्याचा भरवसा उरला नव्हता. नवऱ्याची वस्तू जी बाई सांभाळू शकत नाही ती आणखी काय विसरत असेल, असं मनात यायचं. मी औषधं मुलीच्या हातात दिली. शेगडीपाशी जाणं सोडलं. एकटीने बाहेर पडणं सोडलं. घरातले लोकही मग तसंच समजू लागले. तुझं पत्र आलं तेव्हा मुलीला म्हटलं, बघ, माझं डोकं ठीक होतं. परवा मी एकटी बस धरून चर्चला जाऊन आले. तेवढं तू मला परत दिलंस.

"रेकॉर्ड चोरलीस ते मी समजू शकते. विल्फ्रेड असता तर खूशच झाला असता की कोणाला ती इतकी हवीशी वाटली. पण मी तुझी माफी मागितली आणि तू ती ठेवून घेतलीस. त्याबद्दल मी तुला क्षमा करू शकत नाही. प्रयत्न केला, झालं नाही. यानंतर पत्र लिहू नकोस."

शालिकरामांनी मला ते दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग पत्र घेऊन ते घरी गेले. मीही सोबत गेलो, कारण पंचफुलाबाईंना मजकूर सांगायचा होता आणि एखादा शब्द अडला तर मी हवा होतो. अडला नाही. त्यांना सगळं पाठ झालं होतं. शेवटचा भागही त्यांनी गाळला नाही, आवाज खाली न आणता सांगितला. पंचफुलाबाई ऐकत होत्या, हातातलं पोळ्यांचं पीठ तसंच.

"बसनं एकटी गेली म्हने?" त्यांनी विचारलं.

"हो वं. चर्चात."

"मंग बरं झालं," त्या म्हणाल्या आणि पीठ मळायला लागल्या.

शालिकराम त्यानंतर अकरा वर्षं जगले. दुकानात हळूहळू टीव्ही आले, त्यांची दुरुस्तीही त्यांनी शिकून घेतली. घरचं मशीन सुरू झालं, रविवारी पुन्हा रेकॉर्डी लागू लागल्या. मुंबईहून, पुण्याहून कधी कोणी शौकीन पत्ता काढत यायचे. सत्तावन्न रेकॉर्डी बघून चकित व्हायचे आणि विचारायचे, एकच कशी राहिली? शालिकराम त्यांना सरळ सांगत, मी ती एका विधवेची चोरली होती, परत केली. बरेच जण अवघडून विषय बदलत. एकदा एक जण खो खो हसला, म्हणाला, वा, याला म्हणतात शौक! शालिकरामांनी त्याच्या हातातली रेकॉर्ड काढून घेतली आणि कपाट लावलं.

ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. बाईही नसणार. स्वतःला दोष देऊ नका, असं जे वाक्य मी हौसेने त्या पहिल्या पत्रात घातलं होतं, ते माझं होतं, शालिकरामांचं नव्हतं, हे मी बाईंना कधी कळवलं नाही. बाईंनी ते शालिकरामांच्याच नावावर धरलं असणार. पत्र लिहू नकोस असं त्यांनी शालिकरामांना सांगितलं होतं. मला नव्हतं सांगितलं. पण मी ते स्वतःला लागू करून घेतलं, आणि तेव्हा ते सोयीचंही होतं.